स्तनाचा कर्करोग शरीरात पसरतो तेव्हा

(फोंडा तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी भरलेल्या आरोग्य शिबिरात एका कर्करोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्तनाच्या कर्करोगाविषयी आपण यापूर्वी पुष्कळ ऐकले असेल. गाठ हाताला लागताच ती डॉक्टरांना दाखवावी, लाजेने किंवा भीतीने दिवस दवडू नयेत, हे सांगणारी पत्रके आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लावलेली असतात. २०२१ साली गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही तपासणीची मोहीमही सुरू झाली. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या स्त्रीच्या बाबतीत ती वेळ टळून गेली, किंवा वेळेवर सर्व उपचार होऊनही काही वर्षांनी रोग दुसऱ्याच अवयवात उगवला, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पत्रकावर तिला स्थान नसते. आजचे व्याख्यान मी तिच्यासाठी राखून ठेवले आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्तन हा हृदयासारखा किंवा यकृतासारखा जीव चालविणारा अवयव नव्हे. गाठ स्तनातच राहिली तर तिच्यामुळे सहसा प्राण जात नाहीत. प्राणावर बेतते ते तेथील पेशी निघून हाडात, फुप्फुसात, यकृतात किंवा मेंदूत घर करतात तेव्हा. वैद्यकात यालाच ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात आणि लोकव्यवहारात ‘चौथा टप्पा’. काही घरांत त्याला ‘शेवटचा टप्पा’ असेही म्हटले जाते. हा शब्दप्रयोग मला मुळीच मान्य नाही. का, ते पुढे येईलच.

पेशी पसरतात म्हणजे नेमके काय होते? मूळ गाठीतील काही पेशी सुट्या होऊन रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत शिरतात. काखेत जी अवधाणे येतात ती याच वाटेवरची ठाणी. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या उरतात, पण त्याही वाटेल तेथे वाढत नाहीत. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या. रक्त सर्वत्र जात असताना रोग काही ठराविक अवयवांतच का वाढतो, हा त्याचा प्रश्न होता. त्याने दिलेला दृष्टान्त आपणा शेतकऱ्यांना परका वाटणार नाही : बी वाऱ्याबरोबर चोहीकडे जाते, पण रुजते ते मानवेल त्याच जमिनीत. आपल्या कोरगूट भाताचेच पाहा. खाजनाच्या खाऱ्या चिखलात इतर भाते माना टाकतात, तेथे कोरगूट तग धरून राहते. स्तनकर्करोगाच्या पेशींना हाडातील मगज, फुप्फुस, यकृत आणि मेंदू ही जमीन मानवते. पॅजेटच्या या विचारावर आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही संशोधन चालू आहे.

आता दुसरी गोष्ट. रोग हाडात गेला की नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, आता हाडाचा कॅन्सर झाला का?’ नाही. पेडण्याहून मुंबईला जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी माणूस पेडणेकरच राहतो. तद्वत स्तनातून निघून हाडात गेलेली पेशी ही स्तनाचीच पेशी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती तशीच दिसते आणि स्तनकर्करोगाच्याच औषधांना दाद देते. हा केवळ नावाचा वाद नव्हे, उपचाराची सारी दिशा त्यावर ठरते. म्हणूनच पहिल्या आजाराचे कागद, विशेषतः बायोप्सीचा अहवाल, दहा-पंधरा वर्षांनीही जपून ठेवावा. घर सारवताना, रंगविताना जुने कागद बंबात जातात आणि नेमका तो अहवाल त्यात जातो, असा अनुभव वारंवार येतो.

दहा-पंधरा वर्षे हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०१७ साली ६२ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा रोग संप्रेरकांवर वाढणारा होता आणि ज्यांनी पाच वर्षे गोळ्या घेऊन उपचार पूर्ण केले होते, अशा स्त्रियांतही विसाव्या वर्षापर्यंत रोग दूर कोठेतरी पुन्हा उगवत राहिल्याचे त्यात दिसले. मूळ आजार किती वाढलेला होता त्याप्रमाणे हे प्रमाण १० टक्क्यांपासून ४१ टक्क्यांपर्यंत होते. याचा अर्थ त्या बाईने पथ्य मोडले, तिला दृष्ट लागली किंवा डॉक्टरांनी काही राखून ठेवले, असा नव्हे. पहिल्या उपचाराच्या वेळीच काही पेशी हाडात जाऊन निद्रिस्त पडलेल्या असतात आणि त्या वेळी त्यांचा पत्ता लागत नाही. तेव्हा आधीच दुःखात असलेल्या स्त्रीच्या माथी दोष मारू नये. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. तिचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करण्याचे कसलेही कारण नाही, नातवंडाला तिच्याजवळ निजू न देण्याचेही नाही.

लक्षणांपैकी हाडाविषयी मी जरा विस्ताराने बोलणार आहे, कारण हा रोग सर्वांत अधिक वेळा हाडातच पसरतो आणि आपल्याकडे कंबरदुखी ही घरोघरची तक्रार असल्याने तिकडे दुर्लक्षही तितकेच होते. सत्तरी तालुक्यातील एक स्त्री माझ्या पाहण्यात होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती. काजूच्या दिवसांत पाठ दुखू लागली. बोंडे वेचताना वाकल्यामुळे दुखते, असे सर्वांनी ठरवून टाकले. तेल झाले, शेक झाला, कोणा जाणत्याकडून पाठ चोळूनही झाली. रात्री निजल्यावर दुखणे वाढते, हे तिने सांगितले होते. पण त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. तीन महिन्यांनी एके सकाळी पायांत मुंग्या आल्या, दुपारी पाय उचलेनात, रात्री लघवी तुंबली. तिसऱ्या दिवशी ती इस्पितळात आली. मणक्यातील रोगाने मज्जारज्जू दाबला गेला होता. किरणोपचारांनी तिची वेदना थांबली, परंतु चालणे परत आले नाही.

हीच स्त्री पाय जड वाटू लागले त्याच दिवशी आली असती, तर ती चालत राहण्याची शक्यता बरीच होती. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालू शकतो तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय गेले त्याचे पाय क्वचितच परततात. यास्तव शिक्षकांनी आणि आशा भगिनींनी एवढे तरी पाठ करावे : ज्या स्त्रीला पूर्वी कधीही स्तनाचा कर्करोग झाला आहे, तिची नवी, न थांबणारी, रात्री वाढणारी पाठदुखी तपासल्याशिवाय सोडायची नाही. आणि पायांत अशक्तपणा, बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले, तर सोमवारच्या ओपीडीची वाट न पाहता तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. येथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो.

इतर लक्षणे थोडक्यात सांगतो. फुप्फुसात रोग असल्यास कोरडा खोकला आणि धाप. यकृतात असल्यास भूक मंदावणे, उजव्या बरगडीखाली जडपणा, पुढे कावीळ. मेंदूत असल्यास सकाळची डोकेदुखी, ओकाऱ्या, झटका किंवा बोलण्यात फरक. यांतील बहुतेक तक्रारी साध्या कारणांनीही होतात, म्हणून भिऊन जाऊ नये. मात्र दोन-तीन आठवड्यांत त्या गेल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जावे आणि जुन्या आजाराचा उल्लेख आवर्जून करावा. आणखी एक : स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. शंभरात एखादा असला तरी असतो.

निदानासाठी छायाचित्रे घेतली जातात, आणि शक्य असेल तर नव्या जागेतील तुकडा सुईने काढून तपासतात. सुई टोचल्याने रोग पसरतो ही समजूत गावोगाव आहे आणि ती चुकीची आहे. तुकडा तपासल्याविना उपचार करणे म्हणजे बियाण्याची जात न पाहता पेरणी करणे होय. या रोगाच्याही जाती आहेत. काही गाठी स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर पोसल्या जातात. काहींच्या पेशींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन दाटीने असते. काहींत यांपैकी काहीच नसते, त्यांना ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात.

संप्रेरकांचा संबंध केव्हा कळला, ही हकीकत शिक्षकवर्गास आवडेल. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यवैद्याने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. रोग फार वाढलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय त्याने काढले आणि तिच्या गाठी विरून गेल्या. त्या काळी ‘संप्रेरक’ हा शब्दही वैद्यकात आलेला नव्हता. आज तेच काम गोळी करते. टॅमॉक्सिफेन हे औषध १९७०च्या दशकात वापरात आले आणि अजूनही वापरात आहे. ते स्वस्त आहे. पुढे त्याच्या जोडीला इतर गोळ्या आल्या. पेशींचे विभाजन रोखणारी पाल्बोसिक्लिबसारखी औषधे २०१५ पासून आली. आरंभी त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. जानेवारी २०२३ मध्ये पाल्बोसिक्लिबचे पेटंट भारतात संपले, अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनविण्यास सुरुवात केली आणि किंमत पुष्कळच खाली आली. अशा स्त्रियांना आरंभी केमोथेरपीची गरज बहुधा पडत नाही. केस गळत नाहीत, सलाईन लागत नाही. शेजारणीला कळतही नाही की हिला काही आजार आहे.

‘हर-टू’ प्रकारावर १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आले, आणि २०१४ पासून भारतात बनविलेले त्याचे पर्यायी औषधही मिळू लागले. त्याला पर्टुझुमॅब आणि केमोथेरपी यांची जोड देऊन झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आठ वर्षांनंतर शंभरापैकी ३७ स्त्रिया हयात होत्या. या सर्व स्त्रियांचा रोग पसरलेलाच होता. ‘शेवटचा टप्पा’ या शब्दाला माझा विरोध का, ते आता ध्यानात आले असेल. ज्याच्यानंतर आठ वर्षे संसार चालतो, मुलीचे लग्न होते, तो टप्पा शेवटचा कसा?

पण याचा विपर्यासही होऊ नये. रोग पसरल्यावर तो मुळासकट नाहीसा होणे फारच विरळा. काहींच्या बाबतीत, विशेषतः ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, नवी औषधे येऊनही काळ पुष्कळदा थोडाच मिळतो. मधुमेह जसा नियमित औषधाने ताब्यात ठेवायचा तसा हा रोग ठेवायचा. एक औषध निष्प्रभ झाले की दुसरे योजायचे. रोगाला अटकाव, त्रास कमी आणि आयुष्य शक्य तितके दीर्घ व आपल्या हाती, हा या उपचाराचा हेतू असतो. ‘पूर्ण बरे करतो’ अशी हमी जो देतो, मग तो झाडपाल्याचा वैद्य असो की चकचकीत जाहिरात करणारा दवाखाना, त्याच्यापासून दूर राहावे. अशा ठिकाणी पैसा जातो हे तर खरेच. पण जे सहा महिने औषधाला उत्तम दाद देणारे होते ते जातात, हे नुकसान मोठे.

कुटुंबातील वडीलधारी मंडळी हटकून एक आग्रह धरतात : ‘निदान स्तनातली गाठ तरी कापून टाका, मूळच गेले म्हणजे फांद्या वाळतील.’ बोलणे तर्काला धरून वाटते. याच प्रश्नाचा शोध परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने घेतला. पहिल्या निदानाच्या वेळीच रोग पसरलेला आहे अशा ३५० स्त्रियांचे २००५ ते २०१३ या काळात दोन गट केले. एका गटात स्तनावर शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, दुसऱ्यात केले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान जवळजवळ सारखेच राहिले. गाठ फुटून वाहू लागली, रक्त येऊ लागले, तर त्या त्रासासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, ती गोष्ट निराळी. एरवी डॉक्टर ‘कापत नाहीत’ म्हणजे त्यांनी आशा सोडली, असे समजू नये. आपल्याच देशातील स्त्रियांच्या सहभागातून मिळालेले हे ज्ञान पुढे अनेकींना निष्कारण शस्त्रक्रियेपासून वाचविणारे ठरले, याची नोंद व्हावी.

आता ज्या विषयावर बोलणे सर्वांत अवघड, त्याकडे वळतो. रुग्ण स्त्री तपासणीच्या खोलीबाहेर जाते आणि तिचा मुलगा किंवा यजमान दार लोटून हळूच म्हणतात, ‘डॉक्टर, तिला मात्र काही सांगू नका. ती खचेल.’ या विनंतीमागे माया असते, हे मी जाणतो. परंतु तीस-चाळीस वर्षे घर चालविलेल्या बाईला घरातले वातावरण समजत नाही, असे आपण कसे मानतो? बहुधा तिला सर्व उमगलेले असते, आणि आपल्या माणसांना दुःख होऊ नये म्हणून तीही गप्प असते. एकाच छपराखाली दोन्ही बाजू एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत बसतात. याचा व्यावहारिक तोटाही आहे. ज्या गोळ्या कशासाठी आहेत हे ठाऊक नाही, त्या बरे वाटताच बंद होतात. केमोथेरपीनंतर ताप शंभराच्या वर गेल्यास त्याच रात्री इस्पितळ गाठावे लागते. कारण न कळलेली स्त्री तापावर काढा पिऊन सकाळची वाट पाहते, आणि ती रात्र जिवावर बेतू शकते. शिवाय भाटाचा वाटा कोणाच्या नावे करायचा, धाकट्या मुलीचे कसे, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. सांगावे हळुवारपणे, एका बैठकीत सर्व नव्हे, ती विचारील तेवढे. पण खोटे सांगू नये.

कामाविषयी दोन शब्द, येथे अधिकारी व मुख्याध्यापक बसले आहेत म्हणून. पसरलेल्या कर्करोगाची रुग्ण म्हणजे अंथरुणाला खिळलेली बाई, असे चित्र डोळ्यांसमोर असल्याने तिला सहानुभूतीपूर्वक घरी बसविले जाते. एका प्राथमिक शिक्षिकेच्या खुब्याच्या हाडात रोग होता. किरणोपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, चार महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली. मुख्याध्यापकांनी गाजावाजा न करता तिचा वर्ग माडीवरून तळमजल्यावर आणला आणि खडू-फळ्याशेजारी एक उंच खुर्ची ठेवली. खर्च शून्य. त्यानंतर तिने तीन शैक्षणिक वर्षे पूर्ण केली. तपासणीच्या दिवशीची रजा मंजूर करताना दर वेळी नवे प्रमाणपत्र मागणे, फाईल आठवडाभर टेबलावर ठेवणे, या लहान वाटणाऱ्या गोष्टी रुग्णाला उपचारांपासून दूर नेतात. हा आजार महिन्याच्या ठराविक तारखांचा असतो, आणि चुकलेली तारीख औषधाचा परिणाम घालविते. पंचायतींनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डांचे नूतनीकरण वेळेवर होते की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, ते निघण्यापूर्वीच घ्यावे.

शेवटी वेदनेविषयी. हाडाच्या वेदनेवर किरणोपचार फार गुणकारी आहेत आणि पुष्कळदा एकाच बैठकीत काम होते. हाडे बळकट करणारे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन ठराविक अंतराने देतात. ते सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण नंतर दात उपटल्यास जबड्याचे हाड चिघळण्याचा धोका असतो. आणि जेथे इतर गोळ्यांनी भागत नाही तेथे मॉर्फिन आहे. या नावाला लोक भितात. व्यसन लागेल, किंवा ही मरणाचीच गोळी, असे मानतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, कर्करोगाच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. आरंभी मळमळ व थोडी झोप येते, ती काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहतो, म्हणून सोबत रेचक द्यावेच लागते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ही गोळी मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली संसदेने त्यात दुरुस्ती करून वाट सुकर केली. मॉर्फिनची साधी गोळी महाग नाही. असे असता कोणी स्त्री रात्रभर कण्हत राहावी, आणि घरच्यांनी तो रोगाचा स्वभावच समजावा, हे मला पटत नाही. वेदनाशामक उपचार हे अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याचे उपचार नव्हेत. निदानाच्या दिवसापासून ते इतर औषधांच्या जोडीने चालतात. बांबोळीच्या गोमेकॉत जाल तेव्हा ‘दुखते’ एवढेच न सांगता कोठे, किती आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सांगावे. घरी एका वहीत लिहून आणल्यास उत्तम.

माझी वेळ संपत आली आहे. सभा संपल्यावर मी तासभर येथेच थांबणार आहे. सर्वांसमोर बोलण्याचा संकोच वाटत असेल अशा भगिनींसाठी शाळेच्या मागील बाजूच्या खोलीत परिचारिका बसल्या आहेत; मी तेथेच येईन. ज्यांनी जुने अहवाल बरोबर आणले असतील त्यांनी ते तारखेप्रमाणे लावून हाती ठेवावेत, आणि रुग्ण स्त्री स्वतः आली असेल तर तिलाच आधी आत पाठवावे.